मामाला घाबरणारा कॉम्प्युटर

"दहा मिनिटं!" मामा म्हणाला. "फक्त दहा मिनिटं! तेवढ्यात अपडेट झालं नाही, तर ही मिशी उतरवून ठेवीन!"

"कुठे ठेवशील?" भोंग्याने विचारलं.

"तुझ्या डोक्यावर! अरे, कॉम्प्युटर म्हणजे काय? आपल्या हाताखालचं पोर! नुसते डोळे वटारले की मुकाट्याने कामाला लागतं!"

टाचणीने गुपचूप भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून घेतलं. मामाने 'दहा मिनिटं' म्हटलं की पुढे काय होतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. गेल्या सुट्टीत त्याने दहा मिनिटांत तिची सायकल दुरुस्त केली होती. ती सायकल अजून पोत्यात आहे.

ही मंडळी जमली होती तारांगणाच्या यंत्रखोलीत. तारांगण म्हणजे एक मोठ्ठा घुमट. खाली मागे रेलणाऱ्या खुर्च्या. त्यात पाठ टेकून पडायचं, दिवे मालवायचे, की डोक्यावर अख्खं आकाश उगवतं! हे आकाश सोडतो एक प्रोजेक्टर, आणि प्रोजेक्टरला हुकूम सोडतो यंत्रखोलीतला एक करडा, जाडजूड कॉम्प्युटर. टाचणीची मावशी इथे आकाशाचे कार्यक्रम तयार करायची आणि मामा यंत्रं सांभाळायचा. म्हणजे यंत्रं मामाला सांभाळून घ्यायची, असं मावशीचं म्हणणं.

सुट्टी लागली की टाचणी आणि तिचा धाकटा भाऊ मावशीकडे येऊन पडायचे. टाचणी बारा वर्षांची, काटकुळी; तिला एखादी गोष्ट पटली नाही की समोरच्याला टोचून टोचून बेजार करायची. भावाला हळू बोलताच यायचं नाही. त्याच्या कानात सांगितलेलं गुपित शेजारच्या इमारतीतही ऐकू जायचं, म्हणून तो भोंगा. तिसरा मावशीचा मुलगा गोगल. गोगलगायीतला गोगल. त्याचं एक वाक्य पुरं होईपर्यंत बाकीच्या दोघांचं भांडण सुरू होऊन मिटलेलंही असायचं.

आता हे अपडेट कुठून उपटलं? तर गेले काही दिवस, कार्यक्रम ऐन रंगात आला की आकाशात एक पाटी यायची. 'नवीन अपडेट तयार आहे. आता करू की नंतर?' साध्या पडद्यावर ही पाटी काडेपेटीएवढी दिसते. घुमटावर ती बसएवढी व्हायची आणि नेमकी शनीच्या कड्यांवर जाऊन बसायची. काल तर पहिल्या रांगेतल्या एका चिमुरड्याने खणखणीत आवाजात उत्तरही दिलं, "नंतर!" सगळा घुमट हसला. मावशी सोडून.

कारण आज संध्याकाळी मावशीचा नवा कार्यक्रम पहिल्यांदा दाखवायचा होता. दोन वर्षं ती त्याच्यासाठी राबली होती. एकेक तारा जागेवर बसवला होता, आवाज दिला होता, संगीत जुळवलं होतं. दुसऱ्या तारांगणांतली मोठमोठी मंडळी तो बघायला येणार होती. त्यांच्यासमोर शनीवर पाटी नको, म्हणून तिने सकाळी मामाला गाठलं होतं. "दादा, त्या पाटीचा काहीतरी बंदोबस्त कर. पण जपून रे!"

मामाने खुर्ची करकर ओढली. बसला. चष्मा सदऱ्याला पुसला. कडाकड बोटं मोडली. टेबलामागे हात घालून काहीतरी चाचपलं. मग 'आता' या बटणावर अशा थाटात टिचकी मारली, की जणू रॉकेटच सोडतोय!

अपडेट सुरू झालं. आकडे चढायला लागले. एकोणतीस टक्क्यांवर ते जे रुतून बसले, ते भोंगा न्याहारी करून आला तरी तिथेच!

"मामा, मिशी!" भोंगा गरजला.

"गप रे! मोठी कामं अशीच होतात!"

अखेर एकदाचे शंभर टक्के झाले. कॉम्प्युटर आपणहून बंद झाला, आपणहून चालू झाला, गुरगुरला, आणि काळ्याकुट्ट पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

'चालू करण्याजोगं काही सापडलं नाही.'

"म्हणजे काय?" टाचणीने विचारलं.

"म्हणजे... शोधतोय तो," मामा म्हणाला.

"काय शोधतोय?"

"स्वतःला! तू जरा मागे सरक, त्याला हवा लागू दे!"

मग मामाचे उपचार सुरू झाले. त्याने बटण बंद केलं, चालू केलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. पडद्याच्या पाठीत धपाटा घातला. पडद्याचा काय दोष, म्हणून खोक्याला धपाटा घातला. शेवटी "वीजच नीट येत नसणार!" म्हणून टेबलाखाली शिरून एक प्लग खसकन उपटला. त्याबरोबर पंखा थांबला.

"हा पंख्याचा होता," गोगल म्हणाला.

"ठाऊक आहे! पंखाही तपासत होतो!"

एवढ्या आवाजाने व्यवस्थापक साहेब आले. तारांगणात साहेबांचं मुख्य काम म्हणजे 'हात लावू नका' अशा पाट्या लावणं. जिन्याच्या कठड्यावरसुद्धा त्यांनी एक लावली होती. त्यांनी आधी काळा पडदा पाहिला, मग तीन मुलं पाहिली, आणि निकाल देऊन टाकला.

"पोरांनी हात लावला!"

"आम्ही?" टाचणी उसळली. "साहेब, अपडेट मामाने—"

"सुट्टीतली मुलं आणि बंद पडलेलं यंत्र एकाच खोलीत सापडलं, की चौकशीची गरज नसते!"

टाचणीने मामाकडे पाहिलं. मामाने पंख्याकडे पाहिलं. म्हणजे खाल्लं बोक्याने आणि नाव मांजराच्या पिल्लांचं! तिला असा काही संताप आला, की तिने भोंग्याच्या पायावर पाय दिला. भोंगा केकाटला, तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

तेवढ्यात मावशी धावत आली. पडद्याकडे पाहून तिचा चेहराच उतरला. "दादा, माझा कार्यक्रम यातच आहे. त्याची प्रत काढून ठेवलीस ना? मी सांगितलं होतं तुला!"

"एक नाही, दोन काढल्यात!" मामाची छाती फुगली. "एक याच कॉम्प्युटरमध्ये, डाव्या कोपऱ्यात. दुसरीही याच कॉम्प्युटरमध्ये, उजव्या कोपऱ्यात. एक कोपरा बिघडला तरी दुसरा आहेच!"

मावशीने डोळे मिटून घेतले. ती ओरडली असती तर टाचणीला इतकं वाईट वाटलं नसतं.

साहेबांनी दुरुस्तीवाल्या मेकॅनिकला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"फॉरमॅट!" पलीकडून आवाज आला.

"अहो, पण काय झालंय ते अजून सांगितलंच नाही आम्ही," मावशी म्हणाली.

"सांगा की."

"अपडेट केलं, तेव्हापासून चालूच होत नाहीये."

"फॉरमॅट! दुपारच्या चहाच्या सुमाराला येतो. हात लावू नका कोणी!"

हे शेवटचं वाक्य साहेबांना फारच आवडलं. ते म्हणाले, "ठरलं तर! फॉरमॅट करू, आणि जुना कार्यक्रम माझ्या कपाटात तबकडीवर आहे, तो दाखवू. पाहुण्यांना तारे दिसल्याशी मतलब. जुने काय आणि नवे काय!"

"फॉरमॅट म्हणजे नक्की काय करतात?" भोंग्याने विचारलं.

गोगलने थोडा विचार केला. "समज, घरात चष्मा सापडत नाहीये. तर घरातलं सगळं सामान बाहेर काढायचं... आणि जाळायचं. मग घर एकदम स्वच्छ."

"आणि चष्मा?"

"तोही गेला."

साहेब निघून गेले. मामा म्हणाला, "चहा घेतल्याशिवाय माझं डोकं चालू होत नाही," आणि टेबलामागे पुन्हा चाचपून, कानात गाणी कोंबून, गुणगुणत चहाला गेला. मामाकडे गाण्यांचा एक अंगठ्याएवढा प्लेअर होता. दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यातली गाणी फार जुनी होती आणि बॅटरी त्याहून जुनी.

मावशी रिकाम्या खुर्चीवर मटकन बसली. टाचणीला काय करावं ते कळेना. काहीच सुचलं नाही की हाताला चाळा लागतो. तिने उगाच बटण दाबलं.

कॉम्प्युटर गुरगुरला. पडदा उजळला. निळं चित्र आलं, खुणा आल्या, आणि मधोमध मावशीच्या कार्यक्रमाचं नाव!

"चालू झाला!" भोंग्याने अशी आरोळी ठोकली, की घुमटातून तिचा प्रतिध्वनी आला.

मावशी ताडकन उठली. "कोणी हात लावू नका! खालच्या कपाटातून पेनड्राइव्ह घेऊन येते, आधी प्रत काढू! टाचणे, लक्ष ठेव!" आणि ती जिना उतरली.

टाचणी पहारेकऱ्यासारखी उभी राहिली. पण पहारा बाहेरच्या चोराला अडवायला असतो. घरच्या मामाला कसा अडवणार? तो चहा पिऊन आला आणि पडदा बघून त्याची कळी खुलली.

"बघितलंस! मघाशी मी केलेले उपचार आत्ता लागू पडले! औषधाला वेळ लागतोच!" त्याने खुर्ची ओढली. बसला, चष्मा पुसला, बोटं मोडली. "आता एकदा बंद करून चालू करतो."

"का?" टाचणी किंचाळली.

"खात्री करायला!"

"मामा, नको! मावशी येतेय! चालू आहे तर राहू दे ना चालू!"

"अगं, आत्ता चालू आहे म्हणजे संध्याकाळी चालू होईल, असं कोणी सांगितलं? खात्री नको?"

"मला वाटतं, मामा जेव्हा—" गोगलने सुरुवात केली.

"गोगल, नंतर!" टाचणीने मामाचा हात धरला, पण मामाचं बोट लांब होतं.

'चालू करण्याजोगं काही सापडलं नाही.'

दारात मावशी उभी होती. हातात पेनड्राइव्ह.

"खात्री झाली?" तिने विचारलं.

मामाने त्यानंतर बराच वेळ खिडकीतून बाहेर पाहिलं.

साहेबांनी मुलांना यंत्रखोलीत यायची बंदी घातली. तिघं बाहेरच्या बाकावर बसली. आत बापडी मावशी एकामागून एक फोन करत होती आणि प्रत्येक जण तिला बंद करून चालू करायला सांगत होता. थोड्या वेळाने साहेबांनी तिला पाहुण्यांच्या खुर्च्यांवर नंबर लावायला खाली बोलावलं. त्यांना हेच काम आत्ता सुचलं.

"हे बघा," टाचणी म्हणाली, "मामा होता, बंद पडला. मामा गेला, चालू झाला. मामा आला, बंद पडला. कॉम्प्युटर मामाला घाबरतो!"

"डोळे वटारतो ना तो!" भोंगा म्हणाला. "नाहीतर वजन! मामा बसला की जमीन दबते, आतली तार ताणली जाते—"

"मामा काय हत्ती आहे?"

"मग त्याच्या डोक्याचं तेल? त्या वासाने मलाही बंद पडल्यासारखं होतं."

"मला वाटतं, आपण आधी..." गोगल म्हणाला.

"शू! बघा!" टाचणी दाराच्या फटीला डोळा लावून होती. आत मामा एकटाच होता. खिडकीशी, दाराकडे पाठ, कानात गाणी. रुसला की तो असाच उभा राहायचा. टाचणी चवड्यांवर आत शिरली. भोंगा तिच्या मागे, गोगल सगळ्यात शेवटी. तिने श्वास रोखून बटण दाबलं.

कॉम्प्युटर चालू झाला!

"झाला! परत झाला!" भोंगा बोंबलला. मामाच्या कानातली गाणीही त्यापुढे फिकी पडली. तो दचकून वळला, आणि त्याच क्षणी साहेब दारात हजर.

"मुलं आत कशी?"

"साहेब, आधी पडदा बघा! चालू झालाय!" टाचणी म्हणाली. "आता कोणी हात लावू नका! मी मावशीला बोलावते. भोंग्या, इथे उभा राहा आणि हलू नकोस!"

"थांब!" साहेबांनी बोट वर केलं. "माझ्यासमोर चालू करून दाखवा."

"अहो, चालूच आहे!"

"चालू आहे, ते दिसतंय मला. चालू होतो का, ते बघायचंय! व्यवस्थापक म्हणून मला सुरुवातीपासून बघायला हवं. बंद करा!"

टाचणीने कपाळावर हात मारला. एक गेला खात्री करायला, दुसरा आला बघायला! तिच्या हिशेबाने खोलीतला सगळ्यात शहाणा माणूस करड्या रंगाचा होता आणि त्याला चार भोकं होती पाठीला.

मामा खुर्चीत बसला. चष्मा पुसला, बोटं मोडली...

'चालू करण्याजोगं काही सापडलं नाही.'

"बघा!" साहेब विजयी सुरात म्हणाले. "मुलं खोलीत, यंत्र बंद! आता मेकॅनिक येईपर्यंत याला कोणी—"

"हात लावायचा नाही," तिघं एका सुरात म्हणाली आणि बाहेर आली.

टाचणीला रडू फुटायच्या बेतात होतं. घुमटातून मावशीचा आवाज येत होता. ती खुर्च्यांवर नंबर लावता लावता स्वतःशीच आपल्या कार्यक्रमातली वाक्यं म्हणत होती. हळू, जुन्या मैत्रिणीला निरोप द्यावा तशी. खाली रस्त्यावर स्कूटर थांबली. मेकॅनिक! चहाच्या कितीतरी आधी!

"आला!" भोंगा म्हणाला. "आता काय करायचं?"

"त्याला थांबव!"

"कसा?"

"तोंड दिलंय ना तुला? वापर!"

भोंगा जिन्यावरून धडधडत गेला. टाचणीने गोगलचे दोन्ही खांदे धरले. "सकाळपासून तू काहीतरी बोलू पाहतोयस. बोल. पुरं वाक्य. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही."

गोगलने चष्मा वर सरकवला. "मगाशी कॉम्प्युटर चालू झाला, तेव्हा मामा खोलीतच होता. खिडकीशी. म्हणजे कॉम्प्युटर मामाला घाबरत नाही." त्याने श्वास घेतला. टाचणीने ओठ दाताखाली धरले. "मामा खुर्चीत बसून चालू करतो, तेव्हाच चालू होत नाही. म्हणजे मामा बसल्यावर काहीतरी करतो. बटणाच्या आधी."

टाचणीने त्याला मिठीच मारली. "गोगल्या! हे सकाळी का नाही सांगितलंस?"

"सांगत होतो," गोगल म्हणाला.

खाली भोंग्याचा आवाज घुमत होता, त्यामुळे त्याचं काय चाललंय ते वरपर्यंत व्यवस्थित कळत होतं.

"काका, यंत्र आत्ता गरम आहे! गरम असताना फॉरमॅट करत नाहीत ना?"

मेकॅनिक खाकरला. मग म्हणाला, "अजिबात नाही! हुशार दिसतोस. कोणी सांगितलं तुला?"

"तुमच्यासारख्या तज्ज्ञांनाच ठाऊक असतं, म्हणतात! निवेपर्यंत इथे बसा. ही खुर्ची घ्या, ही मागे रेलते!"

धप्प असा आवाज झाला. खुर्ची जरा जास्तच रेलली असावी.

टाचणी सरळ यंत्रखोलीत गेली आणि मामाच्या शेजारी उभी राहिली. मामा खिडकीच्या कट्ट्यावर फुरंगटून बसला होता. प्लेअर गळ्यात, हाताची घडी.

"मामा," ती साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाली, "तू यंत्र चालू कसं करतोस, ते शिकव ना आम्हाला. तुझ्यासारखं कोणालाच जमत नाही."

ते खरंच होतं. त्याच्याइतकं न जमणारं दुसरं कोणी तिथे नव्हतं. मामाची कळी मात्र हळूहळू उघडली. "शिकायचंय? मग नीट बघा. यालाही एक शिस्त असते!"

"अगदी सुरुवातीपासून. दारातून आत येण्यापासून!"

मामा बाहेर गेला, आत आला. खुर्ची करकर ओढली. बसला. चष्मा पुसला. बोटं मोडली. बटण दाबलं. काळा पडदा, तीच पांढरी ओळ.

"पुन्हा!" टाचणी म्हणाली. या वेळी ती टेबलाच्या मागच्या बाजूला, भिंतीला चिकटून उभी राहिली. मामा आला, बसला, चष्मा, बोटं... आणि टेबलाच्या मागून मामाचा डावा हात एखाद्या सापासारखा सरसरत आला. हातात तो अंगठ्याएवढा प्लेअर होता. हाताने न बघता, नुसतं चाचपून, तो कॉम्प्युटरच्या पाठीतल्या एका भोकात अलगद खुपसला.

"मामा! हे काय?"

"कुठे काय?"

"तुझा हात मागे कशाला गेला?"

"माझा हात? हा काय, माझ्याजवळच आहे!"

"आणि हा प्लेअर?"

मामाने गळ्याशी हात नेला. गळ्यात प्लेअर नव्हता. तो टेबलावरून पलीकडे वाकला आणि आपल्याच प्लेअरकडे भूत बघावं तसा बघत राहिला. "हा इथे कधी आला?"

"आत्ता! तूच लावलास!"

"अगं, बॅटरी टिकत नाही त्याची. म्हणून कॉम्प्युटरवर चार्ज करतो मी. बसलो की लावतो, उठलो की काढतो. वर्षानुवर्षं. त्यात सांगण्यासारखं काय आहे? चप्पल काढतो, तेही सांगू का?"

टाचणीने प्लेअर काढला. बटण दाबलं. निळं चित्र, खुणा, कार्यक्रमाचं नाव! बंद केला, प्लेअर लावला, बटण दाबलं. काळा पडदा! प्लेअर काढला. निळं चित्र!

"मावशी!" या वेळी टाचणी भोंग्यालाही मागे टाकेल अशी ओरडली. "पेनड्राइव्ह आण! पळत ये!"

मावशी आली, साहेब आले. त्यांच्यामागून कंबर चोळत मेकॅनिक आला आणि त्याच्या पाठोपाठ "निवलं बरं का काका!" असं ओरडत भोंगा. साहेबांनी अर्थातच माझ्यासमोर दाखवा म्हणून हुकूम सोडला, पण मावशीने तिच्या आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना सांगितलं, "आधी प्रत. मग तुमचं बघणं." आणि ती मध्ये अशी उभी राहिली, की मामाच्या बोटालाही वाट मिळेना. पेनड्राइव्ह छोटा निघाला. मग उरलेला भाग मामाच्या प्लेअरवर घालावा लागला. जागा होईना, म्हणून जुनी गाणी पुसली. मामाने तोंड भिंतीकडे वळवलं.

प्रत झाल्यावर टाचणीने साहेबांना प्लेअर लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे दाखवलं. साहेबांनी तीनदा बघितलं. बघायला त्यांना आवडायचं.

"पण प्लेअर तर मी आधीही लावायचो!" मामा म्हणाला. "तेव्हा कुठे काही बिनसत होतं?"

सगळ्यांनी मेकॅनिककडे पाहिलं. त्याने कॉम्प्युटर चालू होतानाच एक बटण दाबून धरलं आणि आतल्या सेटिंगचा पडदा उघडला. "हां. अपडेटने क्रम बदललाय. चालू होताना कॉम्प्युटर बघतो, आपलं काम कुठून सुरू करायचं. आधी तो पोटात बघायचा. आता आधी पाठीला काय लावलंय ते बघतोय. तिथे यांची गाणी. गाण्यांवर कॉम्प्युटर थोडाच चालू होणार? बसतो हात चोळत." त्याने क्रम पूर्वीसारखा लावून दिला. "होतं असं कधी कधी."

"मग फॉरमॅट कशाला सांगितलंत?" टाचणीने विचारलं.

"तेही होतं कधी कधी," मेकॅनिक म्हणाला.

संध्याकाळी घुमट भरला. दिवे मालवले. काळोखातून मावशीचा आवाज आला आणि डोक्यावर एकेक तारा उमलत गेला. शनी आला, कड्यांसकट, पाटीशिवाय! टाचणीने भोंग्याचं तोंड दाबून धरलं होतं. पण त्याला बोलायचंच नव्हतं. तो आ वासून वर बघत होता. कार्यक्रम संपला. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि थांबेचनात.

पाहुण्यांमधल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई उठून मावशीपाशी आल्या. "असं आकाश मी खऱ्या आकाशातसुद्धा फार वेळा पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "सकाळी म्हणे यंत्र बंद पडलं होतं?"

"हो. आणि दुपारी माझा कार्यक्रम कायमचा पुसला जाणार होता," मावशी म्हणाली. "या तिघांनी वाचवला." आणि प्लेअरची सगळी गोष्ट सांगत तिने तिघांना पुढे ढकललं.

बाईंनी तिघांशी हात मिळवला. "मोठी माणसं बिघाडाकडे बघत बसली, तुम्ही माणसांकडे बघितलंत! शाबास! शोध असेच लागतात."

"मुख्य शोध गोगलने लावला," टाचणी म्हणाली.

गोगलने बोलायला तोंड उघडलं.

"मी तर पहिल्यापासून म्हणत होतो," साहेब मध्येच म्हणाले, "की मुलं चौकस आहेत!"

"माझ्या हाताखाली तयार झालीत!" मामा म्हणाला.

"मामा, मिशी!" भोंगा गरजला, आणि अख्खा घुमट हसला. या वेळी मावशीसुद्धा.

इकडे हे कौतुक चाललं असताना मेकॅनिक खाली ऑफिसात एकटाच बसला होता. आल्यासारखं काहीतरी करावं, असं त्याला वाटत होतं. हात हलवत परत जायची त्याला सवय नव्हती. समोर साहेबांचा कॉम्प्युटर होता. तो उत्तम चालत होता. मेकॅनिकने तो फॉरमॅट केला.